बाजाराचा गुलाब कुठे पिकतो?

मागच्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. आम्ही ओट्यावर बसलो होतो. आमचा एक जुना विद्यार्थी आला आणि पायरीवर टेकला. तो त्याच दिवशी सुरतेहून परत आला होता. त्याने पिशवीतून एक लांब पुडी काढली. पुडीत एकच गुलाब होता.

"गुरुजी, हे फूल बघा. एकाला तीस रुपये दिले."

"तीस रुपये? आणि ते कशाला रे?"

"तुम्हाला दाखवायला. आपली जमीन आहे, विहीर आहे. सुरतेचा रस्ता तर गावातूनच जातो. हरितगृह बांधतो म्हणतो. बँक कर्ज देते. काढू का कर्ज?"

आता काय सांगावे? आम्ही मॅट्रिक झालेले. सारा जन्म मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवली. गुलाबातले आम्हाला फारसे कळत नव्हते. पण विद्यार्थी चाळीस वर्षांचा झाला तरी विद्यार्थीच असतो. चुकीचे उत्तर दिले तर त्याची जमीन जायची. म्हणून आम्ही म्हटले, "थांब. आधी विचारून येऊ, मग बोलू."

पुढच्याच महिन्यात आम्ही तिघे एस.टी.ने पुण्याला गेलो. तो, त्याची बायको आणि आम्ही. सूनबाई कशाला, असे घरच्यांनी विचारले. आम्ही म्हटले, शेतात तिचे हात जास्त वेळ असतात, मग बघायला तिचे डोळे का नकोत? सूनबाई आदल्या वर्षीच आपल्या रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकली होती. तिने सोबत एक वही घेतली. या धड्यात जे आहे, त्यातले पुष्कळसे त्या वहीतले आहे.

आधी त्या फुलाकडे पाहू. आपल्या दारातही गुलाब असतो. तो सकाळी उमलतो, छान वास देतो, दुपारी मान टाकतो आणि संध्याकाळी पाकळ्या गळतात. त्याचा दांडा वीतभर. देवाला वाहायला, हाराला, गुलकंदाला तो उत्तम. पण सुरतेचा तो गुलाब निराळा. त्याचा दांडा हातभर, सरळ छडीसारखा. कळी घट्ट, अर्धवट मिटलेली. पाने हिरवीगार, एकही डाग नाही. वास म्हणाल तर जवळजवळ नाहीच. पाण्यात ठेवला तर तो आठ-दहा दिवस टिकतो.

बाजार पैसे देतो ते मुख्यतः दांड्याचे, हे आम्हाला तिथे कळले. चाळीस सेंटिमीटर दांड्याच्या फुलाला एक भाव, पन्नासला दुसरा, साठ आणि सत्तरला त्याहून वरचा. फूल तेच, झाड तेच, पण दांडा बोटभर आखूड पडला की भाव उतरला. दांडा वाकडा असला, पाकळीला काळी कड आली, पानावर भुरी दिसली, की फूल बाजूला काढतात.

आता प्रश्न असा की असा लांब दांडा आणि अशी मोठी कळी कुठे येते?

पुणे जिल्ह्यात मावळ तालुका आहे. तळेगाव दाभाडे, पवना धरणाचा परिसर, तिकडची गावे. हा भाताचा मुलूख. पण आता भातखाचरांच्या शेजारी पांढऱ्या प्लास्टिकची मोठमोठी घरे दिसतात. त्यांनाच हरितगृह म्हणतात. लोक पॉलिहाऊसही म्हणतात. तळेगावला औद्योगिक महामंडळाने फुलशेतीसाठी वेगळी जागाच राखली आहे. तिथे फुलशेती शिकवणारी केंद्रेही आहेत. इथला गुलाब मुंबई-दिल्लीला जातो आणि विमानाने परदेशीही जातो.

तिथल्या एका बागाईतदाराने आम्हाला आत नेले. माणूस मोकळा होता. आमच्या विद्यार्थ्याने त्याला विचारले, "दादा, हरितगृह बांधायला किती लागतात?" त्याने त्याचे उत्तर दिलेच नाही. उलट विचारले, "तुमच्या गावात मे महिन्यात पहाटे पारा किती असतो?"

आम्ही तिघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. दुपारी फार ऊन असते, एवढे सांगता आले. पहाटेचे कोणी पाहिले होते? आम्हाला तर लाजच वाटली. शाळेत थर्मामीटरचा धडा किती वेळा शिकवला असेल! पण आपल्याच गावची रात्र कधी मोजली नाही.

त्याने मग जे सांगितले ते नीट समजून घ्या. सगळ्या धड्याचे मूळ तिथे आहे.

गुलाबाचे झाड दिवसा कमावते आणि रात्री खर्च करते. दिवसा पानांवर ऊन पडते. पाने त्या उन्हात अन्न तयार करतात. ही झाली कमाई. पण झाड श्वासही घेते, रात्रंदिवस. श्वास घेताना ते आपलेच अन्न जाळते. हा झाला खर्च. रात्र गार असली तर खर्च थोडा होतो. शिल्लक उरते. ती शिल्लक दांड्यात जाते, कळीत जाते. रात्र गरम असली तर झाड दिवसाची कमाई रात्रीच जाळून टाकते. मग दांडा कशाने वाढणार?

दुसरेही एक आहे. उष्णतेत कळी घाईने वाढते. पन्नास दिवसांचे काम पस्तीस-चाळीस दिवसांत उरकते. पाकळ्या भरायला वेळच मिळत नाही. फूल लहान, पाकळ्या कमी, रंग फिका. म्हणून चांगल्या गुलाबाला दिवसा चोवीस ते अठ्ठावीस अंश आणि रात्री पंधरा ते अठरा अंश हवे असतात. दिवसा तीस-बत्तीसच्या वर पारा गेला की फूल बिघडू लागते. फार थंडीही चालत नाही. रात्र बारा अंशांच्या खाली गेली की वाढ मंदावते आणि काही जातींच्या पाकळ्यांच्या कडा काळ्या पडतात.

मावळ समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. शंभर मीटर वर गेले की हवा साधारण अर्ध्या अंशाहून थोडी जास्त गार होते. मावळात उन्हाळ्यातही रात्री वारा सुटतो. जगातला मोठा गुलाब-व्यापार पाहिला तरी हेच दिसते. आफ्रिकेत केनिया देश आहे. तिथले नैवाशा सरोवर जवळजवळ एकोणीसशे मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या काठी गुलाबाची शेती आहे. दक्षिण अमेरिकेत एक्वादोर म्हणून देश आहे. तिथला गुलाब तर अडीच हजार मीटरच्याही वर पिकतो. हे दोन्ही देश विषुववृत्तावर आहेत. म्हणजे ऊन बारा महिने भरपूर, आणि उंचीमुळे रात्र बारा महिने गार. आपल्याकडे बंगळूर आणि तमिळनाडूतले होसूर ही गावेही उंचावर आहेत म्हणूनच गुलाबाला मानवली.

"पण हरितगृहात तर गार असेल ना?" आमच्या विद्यार्थ्याने विचारले. पुष्कळांची अशीच समजूत असते. आमचीही होती. हरितगृह म्हणजे गार घर नव्हे. प्लास्टिक ऊन आत घेते आणि उष्णता कोंडून धरते. थंड देशांत लोकांनी ते उबेसाठी बांधले. आपल्याकडे त्याचा उपयोग वेगळा. पावसाचा मारा फुलावर बसत नाही, वाऱ्याने दांडे मोडत नाहीत, पाने ओली राहत नाहीत. पण उन्हाळ्याच्या दुपारी आत बाहेरच्याहून जास्त तापते. म्हणून घर उंच ठेवतात, पाच-सहा मीटर. वर छपराला फट ठेवतात, बाजूचे पडदे गुंडाळतात. आत सावलीची जाळी ओढतात, पाण्याचे बारीक धुके सोडतात. एवढे करून बाहेर चाळीस असले तर आत तीस व्हावे, अशी आशा धरू नये. मोठे पंखे आणि ओले पडदे लावून गार करता येते खरे. पण त्याला वीज लागते, आणि ती दुपारी जाऊन चालत नाही.

सूनबाई इतका वेळ गप्प होती. तिने एकच विचारले. "दिवसा जाळी लावू, पाणी फवारू. पण रात्र कोण गार करणार?"

बागाईतदार हसला. म्हणाला, "गुरुजी, ह्यांना सगळे समजले."

घरी परत आल्यावर आम्ही एक थर्मामीटर आणला. त्यात दिवसाचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पारा कळतो. तो त्यांच्या शेतातल्या झोपडीला सावलीच्या बाजूने टांगला. उन्हात टांगू नका, बरं का. उन्हात टांगला तर तो हवेची नव्हे, उन्हाची उष्णता सांगतो. सूनबाई रोज सकाळी दोन आकडे वहीत लिहू लागली. मे महिन्याच्या पानावर बेचाळीस आणि अठ्ठावीस, त्रेचाळीस आणि सत्तावीस असे आकडे आहेत. पावसाळ्यात दुपार उतरली, पण रात्र चोवीस-पंचवीसवरच राहिली. नोव्हेंबर अर्धा सरला तेव्हा आकडे बदलले. डिसेंबरच्या पानावर दुपारी एकोणतीस आणि पहाटे बारा.

आता हिशेब तुम्हीच करा. आपल्या खापरला गुलाबाला मानवेल अशी हवा किती महिने? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. फार तर साडेतीन महिने. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने येतो.

आपल्याच तालुक्यात वर डाब आहे. तिथे थंडीत कधीकधी दवसुद्धा गोठते. डाबला शेतकरी स्ट्रॉबेरी पिकवतात ती त्या गारव्यामुळेच. तोरणमाळ तर हजार मीटरहून उंच. खापरहून डाब फार दूर नाही, पण हवेच्या दृष्टीने तो निराळा देश आहे. आमचा विद्यार्थी लगेच म्हणाला, मग डाबलाच करू. कल्पना वाईट नाही. पण गुलाब रोज तोडावा लागतो आणि त्याच दिवशी घाट उतरून खाली यावा लागतो. उन्हाळ्यात वर पाणी किती राहते, तेही पाहावे लागेल. हे ज्याचे घर डाबला आहे त्याने करावे. खापरला राहून डाबचा गुलाब होणार नाही.

हवेनंतर जमीन. इथे आम्हाला आमचीच फजिती सांगितली पाहिजे.

नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा घरामागच्या तुकड्यात आम्ही हौसेने पन्नास गुलाब लावले होते. जमीन काळीभोर. आम्हाला वाटले, जमीन जितकी काळी तितकी चांगली. कापसाला आहे ना चांगली, मग गुलाबाला का नाही? थंडीत झाडे छान फुटली. पाहुण्यांना दाखवत होतो. मग पाऊस सुरू झाला. काळी जमीन फुगली, पाणी धरून बसली. श्रावणात पाने पिवळी पडली. आम्हाला वाटले खत कमी पडले, म्हणून आणखी खत घातले. पोळ्यापर्यंत तीस झाडे मेली. एक उपटून पाहिले तर मुळे काळी, मऊ, कुजलेली. उरलेल्यांची पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. आम्ही खताच्या गोण्यांना दोष देत होतो. दोष आमच्या अज्ञानाचा होता.

मुळालाही श्वास लागतो. मातीच्या कणांत फटी असतात. त्या फटींत थोडे पाणी आणि थोडी हवा अशी दोन्ही हवीत. फटी पाण्याने भरल्या की मूळ गुदमरते, मग कुजते. म्हणून मावळात हरितगृहात लाल माती भरतात. ट्रकांनी आणतात. तीत कुजलेले शेणखत आणि भाताचे तूस मिसळतात. त्याचे उंच गादीवाफे करतात, हातभर उंच आणि साधारण दोन हात रुंद. एका वाफ्यावर झाडांच्या दोन ओळी. आम्ही वाफ्यात हात घातला तर मनगटापर्यंत सहज गेला. माती मुठीत दाबली तर गोळा झाला, बोट लावताच सुटला. अशी माती गुलाबाला आवडते.

आणि त्या हिरव्या शिरांचे काय? आपल्या काळ्या जमिनीत पुष्कळदा चुना असतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण झाडाला ते घेता येत नाही. मग पान पिवळे आणि शीर हिरवी. माती आंबट की खारी, हे सांगणारा एक आकडा असतो. त्याला सामू म्हणतात. सात म्हणजे मधोमध. गुलाबाला सहा ते साडेसहा हवा. चुनखडीच्या जमिनीत तो आठच्या आसपास जातो.

घरच्या घरी दोन गोष्टी पाहता येतात. दीड-दोन फूट खोल खड्डा खणा. पाण्याने भरा. ते जिरले की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी रात्रभर तसेच राहिले, तर तिथे गुलाब लावू नका. दुसरे, मातीच्या ढेकळावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर चुना पुष्कळ आहे. पक्का आकडा हवा असेल तर माती तपासून घ्यावी. नंदुरबारजवळ कोळदे येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा. पैसे थोडे लागतात आणि कागदावर आकडे लिहून मिळतात. तो कागद वाचता येणे हेही आता तुमच्या हातात आहे. विहिरीचे पाणीही सोबत न्या. खाऱ्या पाण्यावर गुलाबाची पाने कडेने करपतात, आणि ठिबकाची भोके पांढऱ्या खाराने बुजतात. चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसत असेल तर समजा, पाणी जड आहे.

पाणी थोडे आणि रोज लागते. मोठ्या झाडाला हवेप्रमाणे अर्धा ते एक लिटर. ऊन मात्र भरपूर हवे. आंब्याच्या सावलीत गुलाब लावणे व्यर्थ.

रोगांची गोष्टही हवेशी जोडलेली आहे. हवा कोंदट आणि पान ओले, तर केवडा. हवा कोरडी आणि तापलेली, तर लाल कोळी. हा कोळी पानाच्या खाली असतो, टाचणीच्या टोकाएवढा. पान धूळ बसल्यासारखे दिसते आणि खाली बारीक जाळे दिसते. आपल्याकडे उन्हाळ्यात तो हमखास येणार. मग औषध फवारावे लागते. औषधाच्या डब्यावर चौकोन असतो. त्यात खालच्या बाजूला रंग असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. डबा विकत घेताना रंग पाहा, मजकूर वाचा, वाचता आला नाही तर दुकानदाराकडून वाचून घ्या. आणि एक गोष्ट कधी विसरू नका. बाजारच्या दांड्याच्या गुलाबाचा गुलकंद करू नका. त्यावर किती फवारे बसले, ते आपल्याला ठाऊक नसते.

आता कामाचे पाहू. हरितगृहात आम्ही गेलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. बायका तोडणी करीत होत्या. कळी घट्ट, बाहेरची एखादी पाकळी नुकती सुटू लागलेली, अशी कळी निवडायची. उमललेले फूल तोडणे म्हणजे ते वाया घालवणे. दांडा कापताना खाली पाच पानांची दोन पाने ठेवायची. गुलाबाचे एक पान म्हणजे पाच छोट्या पानांचा पंजा, हे नीट पाहिले तर दिसेल. त्या पानांच्या बगलेतून पुढचा दांडा फुटतो. कापलेले फूल लगेच बादलीतल्या पाण्यात. तिथून थंड खोलीत, दोन ते चार अंशांत. मग लांबीप्रमाणे निवड, वीस-वीस फुलांच्या जुड्या, वर खोक्याचा नालीदार कागद.

एक काम पाहून सूनबाई चकितच झाली. एक बाई चांगल्या फांद्या वाफ्याच्या बाहेर वाकवून मोडल्यासारख्या आडव्या करीत होती. "अहो ताई, झाड मोडता का?" तिने विचारले. ती बाई म्हणाली, "ही पोटाची फांदी." बारीक फांद्या तोडायच्या नाहीत. त्या वाकवून खाली ठेवायच्या. त्यांची पाने ऊन घेऊन अन्न करतात. ते अन्न बुंध्यातून सरळ वर निघणाऱ्या जाड दांड्याला मिळते. घरातल्या काहींनी राबायचे आणि एकाने शाळेत जायचे, तसेच हे. आम्हाला ही तुलना लगेच सुचली, कारण अशी घरे आम्ही फार पाहिली. दांड्याच्या बाजूच्या लहान कळ्या बोटाने खुडून टाकतात, टोकाची एकच ठेवतात. हे रोजचे काम. सणवार नाही, लग्नकार्य नाही. दहा गुंठ्यांत सहा-सात हजार झाडे बसतात आणि प्रत्येकाकडे डोळा ठेवावा लागतो.

मग तारखेचा हिशेब. शहरातली तरुण मंडळी १४ फेब्रुवारीला एकमेकांना लाल गुलाब देतात. चाल परदेशी. आम्हाला तिचे फारसे कौतुक नाही, पण मावळातल्या कित्येक घरांची वर्षाची कमाई तिच्यावर आहे, तेव्हा नावे ठेवणार नाही. परदेशी जाणारे फूल आठ-दहा दिवस आधी निघावे लागते. समजा १ फेब्रुवारीला तोडायचे आहे. नवा दांडा फुटून फूल यायला साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस. अठ्ठेचाळीस धरा. मागे मोजत जा. जानेवारीचे एकतीस गेले, डिसेंबरचे सोळा, वर एक. म्हणजे १५ डिसेंबरला छाटणी केली पाहिजे. पुढे थंडी जास्त पडली तर फूल उशिरा, ऊन वाढले तर लवकर. आणि १५ फेब्रुवारीला तयार झालेले फूल? त्याला कालचा भाव कोणी देत नाही.

भावाचेही तसेच. लग्नसराईत चढतो, पितृपक्षात बसतो. २०२० साली मार्चमध्ये करोनामुळे टाळेबंदी लागली. देवळे बंद, लग्ने बंद, बाजार बंद. झाड मात्र थांबत नाही. मावळातल्या शेतकऱ्यांनी फुले तोडली आणि उकिरड्यावर टाकली. न तोडून चालत नाही, झाड बिघडते. म्हणजे फेकण्यासाठी मजुरी द्यायची. प्लास्टिकच्या फुलांनीही मांडवातली जागा खाल्ली आहे. राज्यात हरितगृहाच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी कर्जमाफीसाठी आंदोलनेही केली. अनुदानाची योजना असते, नाही असे नाही. पण अनुदान बहुधा मागून येते आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते. कागदावर दोन्हीच्या तारखा असतात. त्या शेजारी-शेजारी लिहून पाहाव्या.

वर्ष भरत आले तेव्हा ते दोघे पुन्हा आमच्या ओट्यावर आले. वही सोबत होती. आम्ही म्हटले, "आता तूच सांग, कर्ज काढू का?"

तो बराच वेळ पाने उलटीत राहिला. मेच्या पानावर थांबला. मग म्हणाला, "गुरुजी, हे फूल आपले नाही." त्याचा चेहरा उतरला होता. वर्षभराचे स्वप्न होते ते. त्याचे वाईट आम्हालाही वाटले. खोटे कशाला सांगू?

सूनबाईने वही त्याच्या हातातून घेतली आणि डिसेंबरचे पान काढले. "हे साडेतीन महिने तर आपले आहेत ना? दांड्याचा गुलाब नको. उघड्यावरचा लावू. हार-गजऱ्यासाठी, लग्नासाठी. तेवढ्याला कर्ज लागत नाही."

तिचे म्हणणे खरे होते. ग्लॅडिएटरसारखा लाल गुलाब आपल्या राज्यात उघड्या शेतात पुष्कळ ठिकाणी लावतात. दांडा आखूड, पण फूल भरदार. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी केली की डिसेंबरच्या सुरुवातीपासून फूल येते. उन्हाळ्यात झाड नुसते जगवायचे. बुंध्याशी पाचट पसरायचे, वर हिरवी जाळी धरायची, फुलाची आशा करायची नाही. त्यांच्या शेताचा वरचा तुकडा टेकडीच्या अंगाला आहे. तिथे लाल मुरमाड माती. इतकी वर्षे तो हलका तुकडा म्हणून पडून होता. तिथे खड्डा खणून पाणी भरले, तर तासाभरात जिरले. लिंबू पिळले, बुडबुडा आला नाही.

मेमध्ये त्यांनी त्या तुकड्यातली पाच गुंठे माती नांगरून भिजवली आणि पारदर्शक प्लास्टिकने सहा आठवडे झाकून ठेवली. आपले ऊन गुलाबाला वैरी, पण इथे ते उपयोगी पडले. प्लास्टिकखाली माती इतकी तापते की तणाचे बी आणि कितीतरी रोगजंतू मरतात. मग गादीवाफे केले, शेणखत घातले. डोळा भरलेली कलमे आणली आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात लावली. पहिल्या वर्षी छाटणी नाही. येणाऱ्या कळ्याही बऱ्याचशा खुडून टाकायच्या, म्हणजे झाड अंग धरते.

परवा आम्ही शेतात गेलो होतो. दोनशे कलमांपैकी अकरा गेली, बाकीची लागली आहेत. सूनबाईने वहीला आणखी एक रेघ मारून नवा रकाना पाडला आहे. पहाटेच्या आकड्यापुढे आता फुलांचा आकडा येतो. त्या दिवशीच्या ओळीत होते: पहाटे तेरा, फुले चार.